उडवलेल्या ओव्या परत मिळाल्या: कार्डाची इमेज, एफएलएस, आयकॅट (आणि भाच्याची मुलाखत)

घाटमाथा | रवि, रात्री १०:१४

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात पाटणकडच्या आमच्या गावी आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. हातात मावणारा रेकॉर्डर, आत ८ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड. सहा बैठका, सहा फायली. पुण्याला आल्यावर कॉपी करू म्हणून तसंच ठेवलं. (हो, माहीत आहे. त्यावरून बोलून घ्या, मी वाचून घेईन.) मधल्या काळात भाचा प्रोजेक्टसाठी रेकॉर्डर घेऊन गेला. जुन्या फायली कशाला म्हणून सगळ्या डिलीट केल्या आणि वर एका दुकानदाराची चार मिनिटांची मुलाखतही घेतली.

घरचे म्हणाले, एखादं फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर टाक आणि बघ. मी म्हटलं, कार्डाला कुणी हात लावायचा नाही. विंडोजला कार्ड नुसतं जोडलं तरी ते आपण होऊन त्यावर 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचं फोल्डर बनवतं. मॅकही आपल्या लपवलेल्या फायली टाकतो. ते चार-दोन केबी नेमके कुठल्या ओवीवर बसतील ते आपल्या हातात नसतं. ॲडॅप्टरवरच्या लॉकच्या खटक्यावरही विसंबू नका. तो खटका कार्डाला कळतच नाही, कार्ड रीडरने मानला तर मानला.

म्हणून लायनक्स, ऑटोमाउंट (कार्ड आपोआप उघडणं) बंद, आणि पहिलं काम इमेज. खाली कमांडा देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलवर त्याच रोमन अक्षरांत टाकायच्या, सगळी अक्षरं स्मॉल.

आधी एलएसबीएलके चालवून कार्ड कुठल्या नावाने आलंय ते पाहिलं. माझ्याकडे एसडीबी. तुमच्याकडे तेच असेल असं धरून चालू नका. मग:

ब्लॉकडेव्ह --सेटआरओ /डेव्ह/एसडीबी
डीडीरेस्क्यू -डी /डेव्ह/एसडीबी ओव्या.डीडी ओव्या.मॅप
एसएचए२५६सम ओव्या.डीडी

पहिली ओळ कार्डावर लिहायला बंदी घालते, दुसरी इमेज घेते, तिसरी इमेजचा हॅश काढते, म्हणजे एक बाइट बदलला तरी बदलणारा आकडा. सात-आठ मिनिटांत कार्डाची बिट-न्-बिट नक्कल लॅपटॉपवर आली. कार्ड काढून डबीत ठेवलं, डबी कपाटात. इथून पुढे जे काही केलं ते इमेजवर, आणि इमेजचीही एक प्रत बाजूला.

आता स्लूथ किट, म्हणजे डिस्क तपासायच्या कमांडांचा संच. पहिला प्रश्न, पार्टिशन कुठून सुरू होतं?

एमएमएलएस ओव्या.डीडी

उत्तर आलं: फॅट३२ (कार्डावर फायली मांडायची पद्धत), सुरुवात सेक्टर ८१९२ (सेक्टर म्हणजे ५१२ बाइटचा तुकडा). हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे मला यानेच फसवलं. मग डिलीट झालेल्या फायलींची यादी:

एफएलएस -ओ ८१९२ -आर -डी -पी ओव्या.डीडी

आणि सहाच्या सहा नावं समोर! फक्त प्रत्येकाचं पहिलं अक्षर गायब. 'आरईसी०००१.डब्ल्यूएव्ही' ऐवजी '_ईसी०००१.डब्ल्यूएव्ही'. शेजारी एक तारा, म्हणजे डिलीट झालेली, आणि एक नंबर.

पहिलंच अक्षर का जातं, ते कळलं की बाकी सगळं कळतं. फॅटमध्ये प्रत्येक फायलीची फोल्डरमध्ये ३२ बाइटची नोंद असते: नाव, तारीख, आकार, आणि पहिला क्लस्टर (जागेचा ठोकळा) कुठला. डिलीट करताना त्या नोंदीचा फक्त पहिला बाइट बदलून हेक्स ई५ करतात. आकार आणि पहिला क्लस्टर तसेच राहतात. जाते ती साखळी. एका क्लस्टरनंतर पुढचा कुठला हे सांगणारे फॅट टेबलातले आकडे शून्य होतात. सातबाऱ्यावरून नाव कमी केलं तरी जमीन जागेवरच असते, तसं. दुसरा कुणी येऊन नांगर घालेपर्यंत जुनं पीक उभं.

म्हणजे आपल्याला सुरुवात माहीत आहे, लांबी माहीत आहे, मधली वाट माहीत नाही. आयकॅट सरळ धरून चालतं की फाईल सलग असावी. रिकाम्या कार्डावर एकामागून एक रेकॉर्डिंग केलेलं असेल तर ती असतेच.

आयकॅट -आर -ओ ८१९२ ओव्या.डीडी १०३७ > ओवी२.डब्ल्यूएव्ही

(१०३७ हा माझ्या यादीतल्या दुसऱ्या फायलीचा नंबर.) दोन ते सहा, पाचही फायली जशाच्या तशा मिळाल्या. जात्याची घरघर, मागे कोंबडा, सगळं.

राहिली पहिली. १८ मिनिटांची, आणि भाच्याची मुलाखत नेमकी तिच्या डोक्यावर बसलेली, कारण रेकॉर्डरने मोकळी जागा सुरुवातीपासून भरायला घेतली. आयकॅट इथे कामाचं नाही, कारण त्या फायलीचा पहिला क्लस्टर आता दुसऱ्याच्या नावावर आहे. पण गणित करून बघा. १६ बिट, स्टीरिओ, ४४१०० म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. या कार्डावर क्लस्टर ३२ केबीचा. १८ मिनिटांचे ५८१४ क्लस्टर, भाच्याच्या ४ मिनिटांनी खाल्ले १२९२. उरले ४५२२, म्हणजे १४ मिनिटं शाबूत!

भाच्याच्या फायलीवर आयस्टॅट चालवलं की तिने व्यापलेले सेक्टर दिसतात. शेवटच्याच्या पुढच्या सेक्टरपासून डीडी या नक्कल करणाऱ्या कमांडने ४५२२ क्लस्टर उचलले. तुकड्याला डब्ल्यूएव्हीचं हेडर नाही (ते पहिल्या ४४ बाइटांत होतं, म्हणजे गेलं), म्हणून ऑडॅसिटीत 'रॉ डेटा' म्हणून आयात केलं. प्ले केलं तर ऐकू आलं, "मग धंद्यात अडचणी काय येतात?"

ही तर भाच्याची मुलाखत! आयस्टॅटचे सेक्टर पार्टिशनच्या सुरुवातीपासून मोजलेले असतात आणि मी डीडी चालवत होतो पूर्ण इमेजवर. ८१९२ मिळवायचे विसरलो. ८१९२ सेक्टर म्हणजे ४ एमबी, म्हणजे या आवाजाचे साधारण २४ सेकंद. चोविसाव्या सेकंदाला दुकानदाराचं वाक्य अर्धवट तुटलं आणि त्याच श्वासात आजी सुरू झाली. ते जोडकाम आता आमच्या घरच्या ग्रुपवर गाजतंय.

आकडा दुरुस्त करून १४ मिनिटं स्वच्छ मिळाली. पहिली चार गेली ती गेलीच. ज्या क्लस्टरवर नवं लिहिलं गेलं, तिथलं जुनं कुठलंही टूल आणत नाही.

चुकलं असेल तर सांगा.

---

शनिवारातला_पेन्शनर | रवि, रात्री १०:५१

वाखूसा (वाचनखूण साठवली). बोलून घ्या म्हणालात म्हणून बोलतो: सहा बैठका झाल्या आणि एकदाही कॉपी केली नाहीत?

---

पडवी | रवि, रात्री ११:२०

मस्त लिहिलंय. ४४ ला आणि ३२ केबीला, दोन्हींना ४ ने भाग जातो हे तुमचं नशीब. स्टीरिओ १६ बिटचा एक नमुना ४ बाइटचा. हेडर ४५ बाइटचं असतं तर क्लस्टरच्या तोंडापासून उचललेला तुकडा एका बाइटने सरकला असता आणि ऑडॅसिटीत नुसता खरखराट ऐकू आला असता. रॉ आयातीच्या वेळी खरखराट आला तर लगेच हार मानू नका, ऑफसेट १, २, ३ करून बघा.

नावांबद्दल थोडं, कारण स्लूथ किटच्या कमांडा पाठ होत नाहीत अशी तक्रार नेहमी ऐकतो. त्या पाठ करायच्याच नसतात. पुढचं अक्षर थर सांगतं, मागचं काम सांगतं. एमएम म्हणजे पार्टिशनचा थर, एफएस फाईल सिस्टीमचा, एफ फायलींच्या नावांचा, आय आयनोडचा (फाईल डिस्कवर कुठे आहे ती नोंद), बीएलके नुसत्या ब्लॉकचा. एलएस म्हणजे यादी, स्टॅट म्हणजे माहिती, कॅट म्हणजे ओतून दाखव. झालं. एफएसस्टॅट, आयस्टॅट, बीएलकेकॅट, सगळ्यांचा अर्थ आपोआप लागतो. हा ढाचा डॅन फार्मर आणि वीत्से वेनेमा यांच्या कोरोनर्स टूलकिटपासून आलाय, त्यावर ब्रायन कॅरिअरने स्लूथ किट उभं केलं. 'ऑटॉप्सी' हे त्याचंच खिडक्यावालं रूप. शवविच्छेदनाची हौस नावांत पुरेपूर.

एक सूचना. काही लोक अजून साध्या डीडीला 'नोएरर,सिंक' लावून बिघडलेल्या डिस्कची इमेज घेतात आणि वर ब्लॉक साइज ४ एमबी ठेवतात. एक ५१२ बाइटचा सेक्टर वाचता आला नाही की तो अख्खा ४ एमबीचा घास बिघडतो. डीडीरेस्क्यू आधी सोपं ते वाचतं, अवघड जागा सोडून पुढे जातं, मग परत येऊन कडा कुरतडतं, आणि कुठे काय राहिलं ते मॅप फायलीत लिहून ठेवतं. मध्येच वीज गेली तरी तिथून पुढे सुरू. डेबियन-उबंटूवर पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, पुढे एक जी जास्त. नावासारखं नाव असलेलं दुसरंही एक टूल आहे, त्यात गल्लत नको.

---

खटपट्या | सोम, सकाळी ९:०५

नाशकात दुरुस्तीचं दुकान आहे, रोज दोन-तीन तरी कार्डं आणि डिस्का येतात. धागाकर्त्याची केस म्हणजे लग्नाच्या पंगतीत पहिल्या पानावर बसल्यासारखी. डिलीट झालं, फॉरमॅट नाही. फाईल सलग. आवाज कच्चा, दाबलेला नाही. बहुतेकांचं नशीब इतकं चांगलं नसतं.

माझ्याकडे येणाऱ्या कार्डांची आधी घरी पाच सॉफ्टवेअरं चालवून झालेली असतात, आणि त्यातल्या एकाने परत मिळालेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह केलेले असतात. हे सांगताना गिऱ्हाईक स्वतःच थांबतं आणि "अरेच्चा" म्हणतं.

फॉरमॅट झालेलं असेल तर एफएलएसमध्ये बऱ्याचदा नावं मिळत नाहीत, किंवा अनाथ फायलींच्या फोल्डरमध्ये थोडी दिसतात. तिथे फोटोरेक. तो फाईल सिस्टीमकडे बघतच नाही, सरळ खुणा शोधतो. जेपेग म्हटलं की सुरुवात एफएफ डी८ एफएफ. नावं मिळत नाहीत, 'एफ' आणि पुढे सेक्टरचा नंबर अशी मिळतात, 'रेकप_डीआयआर.१' वगैरे फोल्डरांत. हजारो छोटे फोटो आले तर घाबरू नका, कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात एक थंबनेल ठेवतो, ते 'टी' ने सुरू होतात.

फोटो येतात, व्हिडिओ रडवतात. एमपी४ चा 'मूव्ह' नावाचा अनुक्रमणिकेचा भाग कॅमेरा बहुधा शेवटी लिहितो, आणि फाईल मोठी असल्याने तुकड्यांत पसरण्याची शक्यताही जास्त. फोटोरेकने ४ जीबीची फाईल काढून दिली आणि ती चालत नाही, असं झालं तर त्याच कॅमेऱ्याचा, त्याच सेटिंगचा एक धड व्हिडिओ शोधा. 'अनट्रंक' नावाचं टूल त्या नमुन्यावरून अनुक्रमणिका परत बांधायचा प्रयत्न करतं. कधी जमतं, कधी आवाज पुढे चित्र मागे.

आणि हार्ड डिस्क टकटक करत असेल तर वरचं काहीही करू नका. बंद करा. प्रत्येक चालू मिनिटाला हेड तबकडीवर खरवडत असण्याची शक्यता असते. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला देणारा भेटला तर त्याच्या घरी जेवू नका.

---

प्रश्नार्थक | सोम, सकाळी ११:४०

फोनमधले डिलीट झालेले फोटो पण असे काढता येतील का? फोनला वेगळं कार्ड नाही, आतलीच मेमरी. मुलीच्या बारशाचे आहेत. प्लीज.

---

पडवी | सोम, दुपारी १२:१५

ताई/दादा, खोटी आशा दाखवत नाही. गेल्या काही वर्षांतला अँड्रॉइड असेल तर आतली मेमरी एन्क्रिप्टेड असते. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांना ते सक्तीचंच आहे. प्रत्येक फायलीला स्वतःची किल्ली, फाईल गेली की किल्लीही गेली. शिवाय फोन स्वतःच मोकळी जागा ट्रिम करत, म्हणजे पुसत असतो. इमेज काढायलाही रूट (फोनचे पूर्ण अधिकार) लागेल, आणि बहुतेक फोनांत त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) उघडताना सगळा डेटा पुसला जातो. म्हणजे रोगापेक्षा औषध वाईट.

त्याऐवजी आत्ता, हे वाचताय तेव्हाच, गूगल फोटोजचा ट्रॅश बघा. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात. मग ज्यांना व्हॉट्सॲपवर पाठवले होते त्या सगळ्या आत्या-माम्यांना फोन करा.

---

रानवाटा | सोम, दुपारी १:३०

असहमत. माझ्या फोनवर फोटोरेकने ३०० फोटो काढून दिले होते.

---

खटपट्या | सोम, दुपारी १:५२

@रानवाटा, ते फोटो आतल्या मेमरीतले होते की फोनमध्ये घातलेल्या कार्डातले?

---

रानवाटा | सोम, दुपारी २:२०

...कार्डातले. मागे घेतो.

---

अनिवासी_अण्णा | सोम, संध्याकाळी ५:१०

श्टुटगार्टहून. माझी गोष्ट उलट्या दिशेची. लॅपटॉपवर उबंटू, एक्सट४ (लायनक्सची फाईल सिस्टीम), एसएसडी. स्क्रिप्टमध्ये एक जागा जास्त पडली आणि आरएम -आरएफ ने (न विचारता सगळं उडवणाऱ्या कमांडने) अख्खं 'फोटो' फोल्डर खाल्लं. एफएलएस चालवलं, नावं दिसली, आयनोडचे नंबर दिसले, आनंदाने आयकॅट चालवलं तर शून्य बाइट. प्रत्येक फाईल शून्य बाइट!

नंतर कारण समजलं. फॅट फक्त टोपी काढून घेतं, एक्सट३ आणि एक्सट४ डिलीट करताना आयनोडमधला पत्ताच पुसतात. नाव शिल्लक, घर नंबर नाही. विंडोजचं एनटीएफएस याबाबतीत उदार आहे, एमएफटीच्या (फायलींच्या मुख्य यादीच्या) नोंदीत फक्त 'वापरात' ही खूण काढतं, कुठला तुकडा कुठे ते तसंच राहतं. त्यामुळे विंडोजच्या जुन्या हार्ड डिस्कवरून फाईल परत मिळणं लायनक्सपेक्षा सोपं, हे मान्य करताना माझ्या जिवावर येतं.

एक्सट४ वर आशा असते ती जर्नलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत. आयनोडची जुनी प्रत तिथे पडलेली असू शकते, एक्सट४मॅजिक किंवा एक्सटअनडिलीट तीच शोधतात. पण जर्नल गोल फिरतं. मशीन चालू ठेवून तासभर उपाय गूगल केलेत तर ब्राउझरच ते भरून टाकतो. मी अगदी तेच केलं.

आणि एसएसडीवर एफएसट्रिमचा टायमर उबंटूत दर आठवड्याला चालतो, मूळ वेळ सोमवार सुरू होतानाची मध्यरात्र. माझी घटना रविवारी रात्रीची. पुढचं सांगत नाही.

त्यातून वाचली ती एकच फाईल, आणि ती कशी वाचली ते ऐका. एक व्हिडिओ त्या वेळी प्लेअरमध्ये उघडा होता. प्रोग्रामने फाईल धरून ठेवलेली असेल तर नाव गेलं तरी डेटा सुटत नाही. एलएसओएफ +एल१ (हा एल मात्र कॅपिटल) केलं की अशा नावं गेलेल्या पण धरलेल्या फायली दिसतात. /प्रॉक/ मध्ये त्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरातून सरळ सीपी करून घेतली. प्लेअर बंद केला असता तर तीही गेली असती. बाकीचं भारतातल्या बहिणीकडून पेनड्राइव्हवर आलं.

---

लिपीकार | सोम, रात्री ९:४५

माझा विषय फोटो नाही, मजकूर. तीस वर्षं डीटीपी केलं, त्यामुळे लोक जुन्या डिस्का घेऊन येतात, "वडिलांची कादंबरी यात होती" म्हणत. इमेज काढल्यावर सगळे पहिली कमांड देतात ती स्ट्रिंग्ज, आणि मग म्हणतात, यात मराठी काहीच नाही. अहो, स्ट्रिंग्ज मुळात आस्की, म्हणजे रोमन अक्षरं-आकडे, शोधतं. देवनागरी त्याच्या खिजगणतीतच नाही.

मराठी मजकूर डिस्कवर तीन रूपांत भेटतो.

यूटीएफ-८ असेल तर सोपं. प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५. सरळ ग्रेप -ए -बी -ओ 'दळण' डिस्क.डीडी चालतं, शब्द कितव्या बाइटला आहे ते सांगतं. तिथून पुढेमागे डीडीने उचलायचं. पण शब्द निवडताना जपून! 'वाऱ्यावर' शोधाल आणि मिळणार नाही, कारण तो अर्धा र कुणी एका अक्षराने लिहितं, कुणी र ला नुक्ता देऊन, कुणी मध्ये न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर तिन्ही सारखे, बाइट तिन्ही वेगळे. म्हणून जोडाक्षर नसलेला साधा शब्द घ्या. नावं उत्तम. कादंबरीतल्या पात्राचं नाव विचारून घ्या.

दुसरं रूप जुन्या वर्डच्या डॉक फायलींचं, यूटीएफ-१६. यात प्रत्येक अक्षर दोन बाइटचं आणि देवनागरीचा दुसरा बाइट कायम ०९. म ला २ई ०९, र ला ३० ०९, काना ३ई ०९. गंमत अशी की ०९ म्हणजे आस्कीतला टॅब. त्यामुळे एक्सएक्सडीने (बाइट दाखवणाऱ्या कमांडने) पाहिलं तर उजवीकडे नुसती विरामचिन्हं, सुटे आकडे-अक्षरं आणि ठिपके दिसतात, माणूस म्हणतो कचरा आहे आणि पुढे जातो. मी त्या ०९ ०९ ०९ च्या रांगेवरूनच ओळखतो. रकान्यात एकाआड एक ०९ दिसले की थांबायचं, तिथे कुणीतरी मराठी लिहिलंय. डॉक्सएक्स मात्र आतून झिप असते, तिच्यात असं शोधून काही हाती लागत नाही. तिला अख्खी बाहेर काढावी लागते, ते फोटोरेकचं काम.

तिसरं रूप युनिकोडच्या आधीच्या फाँटांचं. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे. तिथे डिस्कवर मराठी नसतंच, रोमन अक्षरं असतात आणि फाँट त्यांना मराठी कपडे घालतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' म्हणजे रोमन ई, जे, के, कॅपिटल बी, एच. स्ट्रिंग्जमध्ये हेच दिसेल आणि तुम्ही वेडंवाकडं समजून सोडून द्याल. त्या फाँटात शब्द टाइप करायचा, फाँट बदलून त्याचं रोमन रूप बघायचं, आणि ते ग्रेपला द्यायचं. अशा रीतीने एका गृहस्थांची १९९८ सालची पत्रं मी फॉरमॅट मारलेल्या डिस्कवरून काढून दिली. त्यांनी आधी तीन ठिकाणी विचारलं होतं, तिन्हीकडे "डिस्क रिकामी आहे" असं सांगितलं होतं.

---

पडवी | सोम, रात्री १०:०२

०९ म्हणजे टॅब! इतकी वर्षं एक्सएक्सडी बघतोय, कधी लक्षात आलं नाही. लिपीकार, यावर स्वतंत्र धागा काढा. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

काळा_कोट | मंगळ, सकाळी ८:३०

मराठवाड्यात वकिली करतो. धागाकर्त्यांनी सहज म्हणून एसएचए२५६ काढला, त्यावर दोन शब्द.

डिलीट झालेलं कोर्टात दाखवायचं असेल तर "मित्राने लायनक्सवर काढून दिलं" एवढ्याने भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, आधी पुरावा कायद्याचं ६५-ब होतं. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराने आणि एक तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात हॅश लिहायचा रकानाच आहे. इमेज घेतल्या घेतल्या काढलेला हॅश आणि सुनावणीच्या वेळचा हॅश जुळला, तर मधे कुणी हात लावला नाही एवढं तरी ठामपणे म्हणता येतं.

यावरचा गाजलेला निकाल आमच्या जालन्याचाच. २०१४ ची विधानसभा, अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. वाद असा की उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण, आणि वारंवार मागूनही त्याचं ६५-ब प्रमाणपत्र मिळत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला स्पष्ट केलं की प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच मालकाने कोर्टात आणून दाखवलं तर गोष्ट वेगळी.

म्हणून माझ्या अशिलांना एकच सांगतो, मूळ कार्ड पाकिटात घालून, सही-तारीख टाकून ठेवा. "कॉपी झाली, आता कार्ड फॉरमॅट केलं" असं म्हणणारे अशील मी पाहिलेत. ओव्यांसाठी अर्थात याची गरज नाही, भाच्यावर केस करायची असेल तर सांगा.

---

शनिवारातला_पेन्शनर | मंगळ, सकाळी ९:१२

भाच्यावर नको, धागाकर्त्यावर करा. सहा बैठका आणि एकही कॉपी नाही.

---

खटपट्या | मंगळ, सकाळी १०:३०

एक राहिलं. कार्ड नवीन आणि स्वस्तात मिळालेलं असेल तर रिकव्हरीच्या आधी कार्ड खरं आहे का तेही बघा. ६४ जीबी लिहिलेलं असतं, आत ८ जीबीची चिप. त्या पलीकडे 'लिहिलेलं' कधी लिहिलंच गेलेलं नसतं, त्यामुळे परत काय आणणार? एफ३ नावाचं टूल लिहून-वाचून खरी क्षमता सांगतं. ते पूर्ण कार्ड भरतं, तेव्हा ते रिकव्हरी संपल्यावर, मोकळ्या कार्डावरच चालवायचं. हे वाक्य परत एकदा वाचा.

---

प्रश्नार्थक | मंगळ, दुपारी ४:०५

गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ४१ फोटो मिळाले!! बाकीचे नणंदेकडे आहेत म्हणाली. पडवी, धन्यवाद. (ताई आहे.)

---

घाटमाथा | मंगळ, रात्री ९:३८

सगळ्यांचे आभार. पेन्शनरकाका, आता तीन प्रती आहेत, त्यातली एक तुमच्या नावाने.

लिपीकारांचं वाचून रेकॉर्डरच्या कार्डावर मजकूर काय मिळणार म्हणून गंमत म्हणून आधीच्या फोनमधलं १६ जीबीचं कार्ड काढलं, इमेज घेतली आणि ग्रेपला 'दळण' दिलं. एक टिपणवही सापडली, २०१६ मधली, मी केव्हाच विसरलो होतो. त्यात आजीच्या अकरा ओव्या हाताने टाइप केलेल्या. त्यातल्या चार बहुधा पहिल्या बैठकीतल्या, म्हणजे भाच्याने ज्यावर मुलाखत घेतली त्याच. बहुधा म्हणतोय कारण आवाज नाही, पडताळणार कशाशी?

आजीला फोनवर वाचून दाखवल्या. दोन तिच्या आहेत म्हणाली, एक शेजारच्या काकूंची आहे, आणि चौथी मी चुकीची लिहिली आहे. शनिवारी गावी जातोय, रेकॉर्डर सोबत. भाचाही येतोय, जातं ओढायला.